भिंतीच्या भेगेतला गोचीड

(पहाटेचा गोठा. धारेचा आवाज.)

गाय सारखा पाय झाडतेय. मालकानं कासेच्या मागून हात फिरवला, तर बोटांना एरंडाच्या बियांसारखे गुळगुळीत दाणे लागले. गोचीड. त्यानं चार उपटले, पायाखाली चिरडले आणि पुन्हा धारेला बसला.

दूध हाताशी असून रक्त पिणारा, म्हणून कीर्तनात गोचिडाला पिढ्यान् पिढ्या बोल लागलेत. त्याला रक्ताशिवाय दुसरं अन्नच नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्या गोठ्यात प्रामुख्यानं दोन जाती सापडतात. पहिली बूफिलस. तिचं पिल्लू सहा पायांचं, गवताच्या पात्यावरून गाईवर चढतं. तिथंच दोनदा कात टाकतं, पहिल्या कातीनंतरच आठ पायांचं होतं. साधारण तीन आठवड्यांनी टम्म फुगलेली मादी खाली गळते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. बबेसिया हा रक्तातला सूक्ष्म परजीवी हिच्यामार्फत येतो. गाईची लघवी काळ्या चहासारखी होते.

दुसरी हायलोमा. पायांवर पट्टे, चालीला चपळ.

(कॅमेरा भिंतीच्या भेगेजवळ.)

ही अर्ध्या वयातच गाईवरून उतरते. दगडी भिंतीच्या सांध्यात, गव्हाणीच्या फटीत दडून कात टाकते आणि भूक लागली की पुन्हा चढते. लहानपणी आजारी गाईचं रक्त प्यायलेली असेल, तर मोठेपणी दुसऱ्या गाईला थायलेरिया हा दुसरा सूक्ष्म परजीवी देते. हाच गोचीड ताप. अंगात १०४-१०६ अंश ताप, खांद्यापुढची गाठ सुजून लिंबाएवढी, दूध एकदम आटलेलं. खिल्लार, डांगी अशा देशी गाई बऱ्यापैकी तग धरतात. होल्स्टीन, जर्सीच्या संकरित गाई झटकन कोसळतात. जास्त दुधाच्या हौसेची ही किंमत क्वचितच कुणी हिशोबात धरतो.

बुपारवाक्वोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं, तर गाय वाचते. पण गाठ दिसल्यावर 'उद्या बघू' म्हणू नये. गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळेतला थायलेरिया तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज कास, कान, शेपटीचं मूळ चाचपणं उपयोगी पडतं. फक्त बोटांनी चिरडू नका. हायलोमा माणसालाही क्रायमियन-काँगो ताप हा जीवघेणा विषाणूजन्य आजार देऊ शकते. २०११ साली गुजरातेत तो आढळला होता. चिमट्यानं तोंडाजवळ धरून उपटा आणि रॉकेलच्या डब्यात टाका.

औषध फवारताना बहुतेकजण फक्त गाय भिजवतात. मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि गायीबरोबर भिंतही भिजवायची. एका फवारणीनं अंडी मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं.

(दुपार. गोठा रिकामा, चारा बाहेर काढलेला. एकजण फ्लेमगन घेऊन भिंतीपाशी वाकतो.)

ज्योत भेगेत शिरली, की आतून तडतड ऐकू येते. तो एकेक सांधा भाजत पुढं सरकतो. मागून दुसरा चुना-सिमेंट घेऊन भेगा बुजवत येतो.