पन्नास पिना आणि एक एसडी कार्ड

(दृश्य: जुन्या मॅकिंटॉशमधून काढलेली हार्ड डिस्क)

डिस्क फिरू लागते, दोनदा खटखट करते आणि गप्प बसते. वयामुळे आतलं रबर विरघळून चिकट होतं, डेटा वाचणारं हेड त्याला चिकटतं.

तिच्या जागी आज हा पूल, म्हणजे एक छोटा बोर्ड, बसतो. एका अंगाला 50 पिनांचा स्कझी (जुन्या कॉम्प्युटरांना डिस्क जोडण्याची पद्धत) कनेक्टर, दुसऱ्या अंगाला एसडी कार्ड. ब्लूस्कझी आणि झुलूस्कझी ही त्यातली ओळखीची नावं. कॉम्प्युटर ब्लॉक, म्हणजे डेटाचा ठरावीक तुकडा, मागतो. बोर्ड कार्डावरच्या इमेज फाइलमधले (अख्खी डिस्क सामावलेली एकच फाइल) 512 बाइट उचलून देतो. समोर कार्ड आहे, याचा कॉम्प्युटरला पत्ताच नसतो.

कार्ड एक्सफॅट किंवा फॅट 32 मध्ये फॉरमॅट करायचं. इमेज फाइलचं नाव मात्र विचार करून द्यायचं. ‘एचडी10’ म्हणजे दहावी डिस्क नव्हे. 1 हा स्कझी आयडी, म्हणजे साखळीतल्या उपकरणाचा क्रमांक, 0 हा एलयूएन, म्हणजे त्या उपकरणातला उपक्रमांक. 7 हा आयडी मॅक स्वतःकडे ठेवतो, तो द्यायचा नाही. चालू करताच झुलूस्कझीचा दिवा एकदा लुकलुकला तर इमेज सापडली, तीनदा तर सापडली नाही, पाचदा म्हणजे कार्डच वाचता येत नाही.

(दृश्य: रिबन केबल, मल्टिमीटर)

दिवा बरोबर लुकलुकतो आणि तरी डिस्क दिसत नाही, किंवा दिसते आणि कॉपी अर्ध्यात अडकते. अशा वेळी लोक कार्डं बदलत बसतात. दोष बहुधा केबलच्या टोकांना असतो.

स्कझीच्या साखळीला टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल शोषून घेणारे रेझिस्टर, दोन्ही टोकांना लागतं, आणि फक्त टोकांनाच. ते नसेल तर सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि बिट बिघडतात. मधल्या उपकरणावरही ते चालू राहिलं, तर प्रत्येक तार खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढायला जास्त करंट लागतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक तारेला 220 ओमचा रेझिस्टर टर्मपॉवरकडे (टर्मिनेशनला लागणारी 5 व्होल्टची वीज) आणि 330 चा ग्राउंडकडे. म्हणून शांत असलेल्या डेटाच्या तारेवर मीटरने साधारण 3 व्होल्ट दिसायला हवेत. शून्याजवळ दिसले, तर 26 क्रमांकाच्या पिनेवर टर्मपॉवर येते का, ते आधी पाहावं.

1986 चा मॅकिंटॉश प्लस ही टर्मपॉवर देतच नाही. तिथे बाहेरून जोडलेल्या पुलाला यूएसबीवरून वेगळी वीज द्यावी लागते.

खाच नसलेला कनेक्टर लावताना दोनदा बघावं. पिनांची एक जोडी सरकली, की टर्मपॉवर ग्राउंडला भिडू शकते.

(दृश्य: फॉरमॅटचा पडदा)

ॲपलचं मूळ फॉरमॅटचं साधन फक्त ॲपलच्या डिस्क ओळखतं. त्याची सुधारलेली आवृत्ती वापरावी. जागा भरपूर आहे म्हणून 2 जीबीची इमेज करण्याचा मोह होतो. पण मॅकच्या जुन्या एचएफएस या फाइल मांडण्याच्या पद्धतीत व्हॉल्यूमचे जास्तीत जास्त सुमारे 65,000 तुकडे पडतात. 2 जीबीत एकेक तुकडा 32 केबीचा, म्हणजे चार ओळींची चिठ्ठीसुद्धा 32 केबी खाते. 500 एमबीत हाच तुकडा 8 केबीवर येतो.

(दृश्य: पुन्हा ती जुनी डिस्क)

हिला भंगारात टाकण्याची घाई नको. यातले काही बोर्ड इनिशिएटर होऊन, म्हणजे कॉम्प्युटरच्या जागी बसून, डिस्क थेट कार्डावर उतरवून घेतात. ती एकदा फिरू लागली, की वाचन पूर्ण होईपर्यंत वीज बंद करायची नाही.