अंगठा कुणाचा?

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज जरा आकडेमोड आहे, पण रेडिओ बंद करू नका हं, पटकन उरकतो.

आपल्याकडे अंगठेबहाद्दर म्हटलं की डोळ्यासमोर कोण येतं, धोतर-पटक्यातला एखादा बाप्या ना? प्रत्यक्षात जगात ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशी मोठी माणसं आहेत साधारण 75 कोटी, आणि त्यात दर तिघांमागे जवळजवळ दोन बायका! युनेस्को कित्येक वर्षं हेच सांगतंय, एकूण टक्केवारी खाली आली पण हा दोन-तृतीयांशचा हिशोब काही हलायला तयार नाही.

माझी आजी बँकेत पेन्शन घ्यायला जायची, शिक्का मारायच्या त्या निळ्या पॅडवर अंगठा दाबायची आणि लगेच पदराला पुसायची, कुणी बघायच्या आत. तिचे भाऊ शाळेत गेले, ही घरी धाकट्यांना कडेवर घेऊन. बरं हिशोबाला अशी पक्की की वाणी तिला टरकून असायचा, पण एसटीची पाटी मात्र दरवेळी कुणालातरी विचारायची.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली म्हणा. 1951च्या जनगणनेत भारतात साक्षर पुरुष 27 टक्के आणि बायका 9 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक 18चा. मग शाळा वाढल्या, शिक्षण वाढलं, आणि 1981 ला फरक झाला जवळपास 27! कारण गावात शाळा आली की आधी पोरगं जायचं, पोरगी पाणी भरायला. 2011 ला तो सोळा-सतरावर आला, आणि केरळात तर जेमतेम चार.

दक्षिण आशियात, सहाराच्या खालच्या आफ्रिकेत, अरब देशांत ही दरी मोठी, लॅटिन अमेरिकेत जवळपास नाहीच. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते लेसोथो. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश, आणि तिथे उलटं आहे, बायका जास्त शिकलेल्या! का, तर तिथे गुरं राखायचं काम पोरांचं, लहानपणीच घोंगडी पांघरून डोंगरावर, आणि मोठं झालं की दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत, पोरी आपल्या राहिल्या शाळेत. म्हणजे डोकं बाईचं कमी की पुरुषाचं हा प्रश्नच नाही, घरच्या कामाला कोण लागतं एवढंच बघायचं.

आणि अफगाणिस्तानात 2021 पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळाच बंद, तिथे तर कामाचंही निमित्त लागलं नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावात 2016 च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. फोटो बघितले तेव्हा मी आधी त्यांचे अंगठे बघितले, पेन्सिल अशी गच्च धरली होती की नख पांढरं पडलेलं.