बदकाचा नाच आणि ठरलेली सम

आज ज्या मालिकेबद्दल बोलायचे आहे तिचे नाव ऐकूनच निम्मे लोक पाठ फिरवतात, हे आधी कबूल करतो. ‘प्रिन्सेस टुटू’ ही जपानी ॲनिमेशन मालिका. टुटू म्हणजे बॅले नर्तिकेचा कमरेपासून आडवा पसरलेला जाळीदार झगा. हे नाव वाचून आणि पिसे, मुकुट, गुलाबी रंग असा सगळा थाट पाहून ही लहान मुलींची खेळण्यांच्या जाहिरातीसारखी मालिका असणार, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण पहिल्या भागाची सुरुवातच एका माणसाच्या मृत्यूने होते. मेलेला माणूस लेखक आहे. त्याची गोष्ट अर्धी राहिली आहे, आणि त्या गोष्टीतला राजपुत्र व त्याचा शत्रू असलेला महाकाय कावळा पुस्तकातून निसटून खऱ्या जगात आले आहेत. कावळ्याला कोंडण्यासाठी राजपुत्राने निषिद्ध शक्ती वापरून स्वतःचे हृदय फोडले आहे आणि त्याचे तुकडे एका गावभर विखुरले आहेत.

ही मालिका 2002 ते 2003 या काळात हाल फिल्म मेकर या स्टुडिओने काढली. मूळ कल्पना आणि पात्रांची रेखाटने इकुको इतो यांची, तर मुख्य दिग्दर्शन जुनइची सातो यांचे. दोघेही ‘सेलर मून’ या गाजलेल्या जपानी मालिकेच्या जडणघडणीत होते. ज्या प्रकाराला जपानीत माहो शोजो आणि आपल्याकडची तरुण मंडळी मॅजिकल गर्ल म्हणतात, त्याची सारी गणिते या दोघांना तोंडपाठ होती. सामान्य मुलगी, तिचे गुपित, तिला रूप देणारा दागिना, रूपांतराचे ठरलेले दृश्य, दर भागात एक संकट आणि शेवटी जादूचा प्रहार. इथे प्रहार नाही, एवढेच आत्ता ध्यानात ठेवा.

या प्रकारात संगीत नवे नाही. गाणाऱ्या जलपऱ्या येऊन गेल्या, 2011च्या ‘सुइट प्रीक्युअर’मध्ये सप्तकातल्या सुरांचे छोटे साथीदार आले, आणि गाता गाता लढणाऱ्या मुलींची ‘सिम्फोगिअर’ 2012मध्ये सुरू झाली. त्या मालिका मी आवडीने पाहिल्या आहेत. मात्र त्यांत संगीत बहुधा शस्त्र असते, नाहीतर शस्त्राला लावलेली झालर. ‘प्रिन्सेस टुटू’त संगीत हे कथेचे प्रारब्ध आहे, आणि माझे आजचे सगळे बोलणे या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

आपण ख्याल ऐकायला बसतो तेव्हा ताल ठरलेला असतो आणि सम कुठे येणार हे गायकालाही ठाऊक असते, श्रोत्यालाही. उत्सुकता असते ती गायक समेवर कोणत्या वाटेने येतो याची. बॅलेत याहून कडक बंधन आहे. चायकॉव्स्कीने ‘स्वान लेक’चे स्वर लिहून ठेवले आहेत, पांढऱ्या हंसिनीचे काय होणार हे वाद्यवृंदाला आधीच माहीत आहे आणि नर्तिकेने तिथवर नाचत जायचे आहे. या मालिकेचा जवळपास प्रत्येक भाग अशाच एखाद्या प्रसिद्ध रचनेवर बांधलेला आहे. ‘नटक्रॅकर’, ‘स्लीपिंग ब्यूटी’, ‘जिझेल’, ‘कॉपेलिया’, मुसॉर्गस्कीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’. हे स्वर मालिकेसाठी जुळवण्याचे आणि उरलेले पार्श्वसंगीत रचण्याचे काम काओरू वादा यांनी केले. संगीत वाजू लागले की पात्रांना आपण कोणत्या गोष्टीत अडकलो आहोत हे कळते, आणि ज्याने मूळ बॅले पाहिला आहे त्या प्रेक्षकाला ते पात्रांच्याही आधी कळते.

आता नायिका. तिचे नाव आहिरू, आणि जपानीत आहिरू म्हणजे बदक. ती खरोखर बदकच आहे. तळ्यातून तिने एकट्या, उदास राजपुत्राला नाचताना पाहिले आणि त्याच्यासाठी काहीतरी करावे असे तिला वाटले. मेलेल्या लेखकाने, ड्रोसेलमायरने, तिच्या गळ्यात लाल लटकन घालून तिला मुलगी केले. ड्रोसेलमायर हे नावही ‘नटक्रॅकर’मधल्या त्या गूढ म्हाताऱ्याचे आहे. तोंडून चुकून बदकाचा आवाज निघाला की ती पुन्हा बदक होते आणि अंगाला पाणी लागले की मुलगी. बॅलेच्या शाळेत ती सगळ्यांत कच्ची विद्यार्थिनी आहे. तिचे शिक्षक चक्क एक मांजर आहेत, आणि कोणी चुकले की ते गंभीर चेहऱ्याने माझ्याशी लग्न कर अशी धमकी देतात. गावात हे कोणालाच विचित्र वाटत नाही, कारण गोष्ट आणि वास्तव यांच्यामधली भिंत तिथे केव्हाच पडली आहे.

पहिल्या भागातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. म्यूतो हा राजपुत्र. हृदय नसल्यामुळे त्याला ना भीती वाटते ना दुःख. खिडकीबाहेर पडणाऱ्या पाखराच्या पिल्लाला वाचवण्यासाठी तो सरळ खिडकीतून उडी मारतो. त्याने ते धाडसाने केलेले नाही, धाडसाला लागणारी भीतीच त्याच्यापाशी नाही. आहिरू धावते, लटकन उजळते, ती पहिल्यांदा टुटू होते, आणि खाली फुलांचा ताटवा उसळून त्याला झेलतो. या भागाचा आधार आहे ‘नटक्रॅकर’मधला फुलांचा वॉल्ट्झ. मंचावर त्या वॉल्ट्झला फार मोठे काम नसते; डोळ्यांना सुख देणारा तो एक तुकडा आहे. इथे मात्र त्या संगीतातली फुले माणसाचा जीव वाचवतात. रचनेचे नाव इतके शब्दशः घेण्याची ही निरागस युक्ती पाहून मला हसू आले, आणि त्याच क्षणी या मंडळींनी आपले संगीत मनापासून ऐकले आहे याची खात्री पटली.

टुटूचे काम हृदयाचे तुकडे गोळा करण्याचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक भावना, आणि तो कोणाच्यातरी मनात जाऊन बसलेला असतो. एकटेपणाचा तुकडा एका खाणावळवाल्या विधवेत आहे; एक तुकडा जमिनीखाली विसरलेल्या जुन्या दिव्यात आहे, ज्याला पुन्हा कोणासाठी तरी उजळायचे आहे. टुटू त्यांच्याशी लढत नाही. ती हात पुढे करते आणि माझ्याबरोबर नाचाल का, एवढेच विचारते. बॅलेत शब्द नसल्यामुळे हावभावांची एक ठरलेली भाषा आहे: डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की ‘नाच’, छातीवर हात ठेवले की ‘प्रेम’. मालिका ही भाषा प्रामाणिकपणे वापरते. समोरचा नाचू लागतो, नाचताना त्याचे दुखणे बोलू लागते, आणि तुकडा आपोआप सुटतो.

मात्र टुटूला एक शाप आहे. राजपुत्रावरचे प्रेम तिने शब्दांत सांगितले तर ती प्रकाशाचा ठिपका होऊन विरून जाईल. हा शाप जलपरीच्या जुन्या कथेतून आला, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बोलायचे नाही, सगळे शरीराने सांगायचे, हा बॅले या कलेचाच नियम आहे. मालिकेने कलेचा नियम उचलून त्याची नियती केली आहे. तेराव्या भागात, ‘स्वान लेक’च्या सुरांवर, याचा कस लागतो. काळ्या राजकन्येने राजपुत्राला आपल्या ताब्यात घेतले आहे आणि ती टुटूला आव्हान देते, की प्रेम असेल तर सांगून दाखव. टुटू बोलत नाही. ती पा द दे, म्हणजे जोडीने करायचा नाच, एकटीच करू लागते. जोडीदाराचा आधार जिथे हवा तिथे फक्त हवा आहे. तिचा तोल जातो, तरी ती जागा मोकळी ठेवून ती नाचत राहते. त्या मोकळ्या जागेनेच म्यूतोला अखेर हाक दिली. पूर्वार्ध इथे संपतो, आणि मालिका इथेच थांबली असती तरी माझी तक्रार नसती.

ती काळी राजकन्या, क्रेहे, म्हणजे शाळेतली रू. सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत उत्तम नाचणारी. ‘स्वान लेक’मध्ये पांढरी ओडेट आणि काळी ओडील या दोन्ही भूमिका परंपरेने एकच नर्तिका करते, आणि ओडील ही फसवणुकीसाठीच आणलेली, तिला स्वतःचे दुःख नाही. इतो आणि सातो यांनी तिला स्वतंत्र देह आणि बालपण दिले. रू मुळात माणसाचे बाळ. कावळ्याने तिला पळवून आणले, आपले रक्त पाजले आणि तू माणसाचे कुरूप रूप घेऊन जन्मलेली कावळीच आहेस, तुझ्यावर माझ्याखेरीज कोण प्रेम करणार, असे तिला लहानपणापासून सांगितले. मुलांना असे सांगणारी घरे असतात. मला ती नायिकेपेक्षाही जास्त जवळची वाटते.

फकीरबद्दल थोडक्यात. हे नाव ऐकून आपल्याला हसू येते, पण हा मुलगा फकीरही नाही आणि विरागीही नाही. तो राजपुत्राचा तापट राखणदार आहे. गोष्टीत त्याची भूमिका शूराची, तीही कावळ्याकडून मधोमध फाडून मारला जाणाऱ्या शूराची. तलवार त्याला शोभत नाही हे हळूहळू कळते; त्याच्या हातात लिहिण्याची शक्ती आहे, आणि तो ड्रोसेलमायरच्याच वंशातला. मेलेल्या लेखकाचे यंत्र अजून घरघर फिरत गोष्ट लिहीत असताना एक जिवंत मुलगा घाबरत दुसरी ओळ लिहू लागतो, हा उत्तरार्धाचा खरा संघर्ष आहे.

एडेल आणि उझुरा या दोन लहान भूमिकांवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण संगीताचा विचार तिथे सगळ्यांत नेटका उतरला आहे. एडेल ही लाकडी बाहुली गावात पेटीसारखे वाद्य घेऊन फिरते. त्याला एक दांडा असतो. तो फिरवला की सूर निघतात. अशा वाद्यात खुंट्या मारलेले लाकडी नळकांडे असते, आणि खुंट्या जशा मारल्या असतील तसेच ते वाजते. हात कोणाचाही असो, सूर बदलत नाही. ड्रोसेलमायरच्या या बाहुलीच्या हाती दुसरे कोणते वाद्य शोभले असते? पुढे, अंधारात वाट चुकलेल्यांना दिशा दाखवण्यासाठी तीच एडेल स्वतःला पेटवून घेते. तिच्या नळकांड्यावर ही खुंटी नव्हती. तिच्या उरलेल्या लाकडातून कारोन, म्हणजे फकीरला वाढवणारा माणूस, एक छोटी बाहुली घडवतो: उझुरा. ही पोर गळ्यात ढोलके अडकवून मनाला येईल तेव्हा, येईल तसे बडवत फिरते आणि मोठ्यांना भंडावून सोडते. हे सांगण्यासाठी मालिकेने एकही भाषण केलेले नाही.

आता दोष. नाचाची मालिका असूनही नाच पुष्कळदा स्थिर चित्रांच्या मांडणीत उरकला जातो. चित्रांचा खर्च वाचवलेला दिसतो, आणि चांगल्या बॅलेची सवय असलेल्या डोळ्याला ते खुपते. मालिकेचा उत्तरार्ध मूळ प्रक्षेपणात पाव-पाव तासाच्या तुकड्यांत दाखवला गेला, त्यामुळे तिथली गती अडखळते. कावळ्याच्या रक्ताने बिघडलेला राजपुत्र एकेका मुलीला भुलवतो आणि टुटू तिला सोडवते, असे भाग उत्तरार्धाच्या सुरुवातीला इतके एकसारखे येतात, की तिथे मी एक-दोनदा घड्याळ पाहिले. संगीतशाळेतला ऑटोर हा गर्विष्ठ विद्यार्थी मजेदार आहे, पण त्याला पुरेशी जागा मिळालेली नाही.

रित्सुको ओकाझाकी यांनी लिहिलेली, रचलेली आणि गायलेली सुरुवातीची व शेवटची गाणी मात्र एकदाही वगळू नका. मोठ्या वाद्यवृंदानंतर येणारा तो साधा, जवळजवळ कुजबुजणारा आवाज आहिरूचा स्वतःचा आवाज आहे असे वाटते. 2004मध्ये त्या गेल्या.

शेवट सांगतो, ज्यांना मालिका स्वतः पाहायची आहे त्यांनी दोन मिनिटे कान झाकावेत. राजपुत्राच्या हृदयाचा शेवटचा तुकडा आहिरूच्या गळ्यातले लटकन हाच निघतो. तो परत द्यायचा म्हणजे टुटूही संपली आणि मुलगीही. उरणार फक्त बदक. ती तो देते. मग कावळ्यांच्या झुंडीत ते पिवळे बदक आपल्या आखूड पायांवर, चोची खात, पडत, उठत नाचते. त्या आधीच्या भागाला सां-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या ‘हंस’ या रचनेचा आधार आहे, ज्या सुरांवर नृत्यरचनाकार फोकीनने नर्तिका ॲना पाव्हलोव्हासाठी मरणाऱ्या हंसाचा नाच बसवला होता. ते संगीत ऐकल्यावर बदक मरणार, अशी आपली खात्री होते. फकीर लिहीत असतो. तो बदकाला जिंकवत नाही, ते नाचत राहिले एवढेच लिहू शकतो. त्या नाचाने गावातल्या लोकांना बळ येते, रू आपले प्रेम ओरडून सांगते, आणि म्यूतो राजकन्या म्हणून तिलाच निवडतो. ज्या हंसिनीच्या जागी आपण आहिरूला मानत आलो, तिच्या वाट्याला ना राजपुत्र येतो, ना मरण.

मालिका ‘नटक्रॅकर’ने सुरू झाली होती आणि ‘नटक्रॅकर’नेच संपते. एका तळ्याकाठी फकीर गळ टाकून बसला आहे, हातात लेखणी आहे, आणि शेजारी पाण्यावर एक बदक तरंगते आहे.