ससाणा आश्रयाला आला तर

नमस्कार श्रोतेहो.

शिबी राजाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसलं, आणि त्याला वाचवायला राजाने स्वतःचं मांस कापून तागडीत घातलं. आश्रय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हे कबूतर येतं. पण चोचीला रक्त लागलेला ससाणाच दारात येऊन म्हणाला, ‘माझ्या जिवाला धोका आहे,’ तर? म्हणजे युद्धगुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसानेच दुसऱ्या देशाकडे राजकीय आश्रय मागितला, तर द्यायचा का?

कायद्याने याचं उत्तर १९५१ सालीच देऊन ठेवलंय. निर्वासितांविषयीच्या करारातलं कलम १-एफ सांगतं, की ज्याने युद्धगुन्हा केला असं मानायला सबळ कारण आहे, त्याला निर्वासिताचा दर्जा नाही. सबळ कारण पुरतं, बरं का! मग कोर्टाने दोषी ठरवलेल्याची बातच सोडा.

तरीही आश्रय मिळतोच. इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्तू १९९१ मध्ये झिम्बाब्वेला पळाला. पुढे त्याच्याच देशाच्या कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत त्याला नरसंहाराबद्दल दोषी ठरवलं, २००८ मध्ये फाशीही सुनावली. झिम्बाब्वेने त्याला सोपवलं नाही. जुनी मैत्री, दुसरं काय!

लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याचं प्रकरण मात्र इतकं सोपं नाही. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये लोकांचे हात तोडणाऱ्या बंडखोरांना त्याने बळ दिलं. ऑगस्ट २००३ मध्ये बंडखोर त्याच्याच राजधानीत, मनरोव्हियात घुसले होते. नायजेरियाने त्याला आश्रय देऊ केला, तो खुर्ची सोडून गेला, आणि शहरातला गोळीबार थांबला. तेव्हा त्याच्यावर फक्त आरोपपत्र होतं, निकाल लागायचा होता. त्या आठवड्यात मी मनरोव्हियात पोरंबाळं घेऊन लपलेली असते, तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे बाई, एकदाचा जाऊ दे त्याला.

पण हात तुटलेल्या माणसाने काय म्हणायचं? अडीच वर्षं टेलर कालाबार शहरातल्या बंगल्यात राहिला. मार्च २००६ मध्ये नायजेरिया त्याला सोपवायला तयार झाला, तसा तो पसार झाला आणि कॅमेरूनच्या सीमेवर पकडला गेला. राजदूतांच्या गाडीला असते तसली नंबरप्लेट लावलेल्या जीपमध्ये! २०१२ मध्ये त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. तो आश्रय म्हणजे लढाई थांबवण्यासाठी मोजलेली किंमत होती. किंमत मोजावी लागते हे मी समजू शकते, पण तिला माणुसकी म्हणू नये.

माझं मत विचाराल, तर दोषी युद्धगुन्हेगाराला राजकीय आश्रय नाही. पण आश्रय नाकारला म्हणजे छळ करणाऱ्यांच्या हवाली केला, असं नव्हे. छळाविरुद्धचा १९८४ चा करार सांगतो, की जिथे छळ होईल तिथे कुणालाही पाठवायचं नाही, आणि त्यात गुन्हेगारही आले. त्याचा जीव राखा, पण मानाचा पाहुणा करू नका. परत पाठवता येत नसेल तर आपल्याच कोर्टात उभा करा. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांनी १९४९ पासून हे बंधन घातलेलंच आहे. आणि हो, निकाल कुणी दिला हेही तपासा. जिंकलेल्यांनी सूड म्हणून दिलेली शिक्षा आणि खुल्या खटल्यात ठरलेला गुन्हा यांना एकाच मापाने मोजू नका.

एका ठिकाणी मात्र माझं हे मत अडखळतं. रवांडाच्या नरसंहाराचे खटले टांझानियातल्या अरुशा शहरात चालले. त्यातले काही जण निर्दोष सुटले, काहींची शिक्षा भोगून झाली. रवांडाला परतायची त्यांना भीती, आणि दुसरा देश घ्यायला तयार नाही. त्यामुळे सुटल्यावरही वर्षानुवर्षं ते अरुशातच एका घरात अडकून पडले. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये आठ जणांना नायजर देशाने घेतलं. तीन-चार आठवडेही झाले नाहीत, तोच नायजरने राजनैतिक कारणं पुढे करून त्यांना सात दिवसांत देश सोडायला सांगितलं. जायचं कुठे, ते सांगितलं नाही. त्यांची ओळखपत्रं काढून घेतली होती, आणि राजधानी नियामीतल्या त्यांच्या घराच्या दाराशी पोलीस बसवले होते.

नमस्कार.