जागा न सोडणारा खेळाडू : पॉल लॅम्बर्ट

मित्रहो, फुटबॉलवर बोलायला उभे राहिले की आपोआप गोल करणाऱ्यांचीच नावे तोंडात येतात. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्या पॉल लॅम्बर्टने स्कॉटलंडच्या संघाकडून ४० सामने खेळून एकच गोल केला आहे. तरीही युरोपीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या रात्रींपैकी एका रात्री, त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संघाचा खेळ ज्या एका माणसामुळे अडला तो हाच, असे मी मानतो. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने जे मिळवले आणि जे गमावले, तेही त्या रात्रीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

लॅम्बर्टचा जन्म १९६९ साली ग्लासगोत झाला. त्याच्या कारकिर्दीची सुरुवात शेजारच्या पेस्ली गावातील सेंट मिरन या क्लबात झाली. पेस्ली हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. आपण जिला कोयरी म्हणतो, त्या नक्षीला इंग्रजीत याच गावाचे नाव मिळाले, कारण काश्मिरी शालींची नक्कल एकोणिसाव्या शतकात इथल्या मागांवर विणली जात असे. अशा या गिरणगावातील क्लबाने १९८७ साली स्कॉटिश चषक जिंकला, तेव्हा लॅम्बर्ट सतरा वर्षांचा होता आणि अंतिम सामन्यात खेळला होता. पुढे १९९३ मध्ये तो मदरवेल या स्कॉटलंडच्याच क्लबाकडे गेला. १९९४-९५ च्या मोसमात मदरवेलने लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले आणि त्याच मोसमात युएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत त्यांची गाठ जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडशी पडली. मदरवेल हरले, पण दोनच वर्षांत लॅम्बर्ट त्याच डॉर्टमुंडच्या दारात उभा राहणार होता.

ते दार उघडले एका न्यायालयीन निकालामुळे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला हस्तांतर शुल्काशिवाय दुसऱ्या देशातील क्लबात जाण्याची मोकळीक मिळाली. १९९६ च्या उन्हाळ्यात लॅम्बर्टचा करार संपला. तो आधी नेदरलँड्सच्या पीएसव्ही क्लबात चाचणीसाठी गेला, पण तिथे काही जमले नाही. मग तो डॉर्टमुंडला गेला. लागोपाठ दोन वर्षे जर्मन विजेता ठरलेला हा संघ होता, त्यात सामर, म्योलर, कोलर, रीडलं असे नामवंत होते, आणि मदरवेलहून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाची तिथे कुणी वाट पाहत नव्हते. प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी मात्र त्याला ठेवून घेतले, आणि ठेवून घेताना त्याची जागा बदलली. स्कॉटलंडमध्ये तो पुढे धावणारा, हल्ल्यात भाग घेणारा मध्यरक्षक होता. डॉर्टमुंडने त्याला बचावफळीच्या पुढ्यात उभे केले.

या जागेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. जर्मन लोक तिला ‘सहा नंबर’ म्हणतात. या जागेवरच्या खेळाडूचे निम्मे काम चेंडू त्याच्यापाशी नसतानाच चालते. प्रतिस्पर्ध्याचा पास कुठून निघू शकतो हे आधीच ओळखून त्या वाटेवर दोन पावले सरकून उभे राहायचे, म्हणजे पास देणाऱ्यालाच तो द्यावासा वाटत नाही. चेंडू पायाशी आला तर तो साधेपणाने जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी यायचे. ब्रिटनमध्ये त्या काळी मधल्या फळीतला माणूस दोन्ही गोलांदरम्यान धावत राहिला पाहिजे, तरच तो मेहनती, अशी समजूत होती. तिथे वाढलेल्या खेळाडूने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ही सवय मोडून थांबायला शिकणे मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत कौतुकाचे वाटते.

२८ मे १९९७ रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर इटलीचा गतविजेता युव्हेंटस होता आणि त्याच्या खेळाची सूत्रे झिनेदिन झिदानकडे होती. झिदानला आवरण्याचे काम लॅम्बर्टकडे आले. या सामन्याचे चित्रीकरण मी अनेकदा पाहिले आहे. एकदा केवळ लॅम्बर्टवर नजर ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की तो झिदानच्या अंगावर फारसा धावून जात नाही. तो झिदान आणि आपला गोल यांच्या मध्ये, हातभर अंतरावर राहतो, आणि वळून खेळायची मोकळी जागा मिळत नसल्यामुळे झिदानला पुन्हा पुन्हा मागे किंवा आडवा पास द्यावा लागतो. पूर्वार्धात झिदानचा एक फटका खांबाला लागला, हे खरे. सामन्याला मात्र त्याला हवे तसे वळण लावता आले नाही.

एकोणतिसाव्या मिनिटाला मात्र लॅम्बर्ट आपली जागा सोडून पुढे आला. कॉर्नरनंतर चेंडू युव्हेंटसच्या बचावाने अर्धवट परतवला होता. तो उजव्या बाजूला लॅम्बर्टकडे आला आणि त्याने पलीकडच्या खांबाच्या दिशेने उंच पास दिला. कार्ल-हाइन्झ रीडलंने तो छातीवर झेलला आणि गोलरक्षक पेरूझीला चकवून जाळ्यात धाडला. पाच मिनिटांनी रीडलंनेच हेडरवर दुसरा गोल केला. उत्तरार्धात देल पिएरोने एक गोल फेडला, पण बदली म्हणून नुकताच मैदानात उतरलेल्या लार्स रिकेनने पहिल्याच स्पर्शात दुरून चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकला आणि डॉर्टमुंड ३-१ ने जिंकले. ब्रिटनबाहेरच्या क्लबाकडून हा चषक उंचावणारा लॅम्बर्ट हा पहिला ब्रिटिश खेळाडू.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो ग्लासगोला परतला आणि सेल्टिक क्लबाकडे गेला. त्या मोसमात शहरातल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्सला लीगचे सलग दहावे विजेतेपद मिळू न देणे हेच सेल्टिकचे एकमेव ध्येय होते. २ जानेवारी १९९८ च्या रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात लॅम्बर्टने दुरून मारलेल्या जोरदार फटक्याने २-० अशा विजयावर शिक्कामोर्तब झाले आणि मे महिन्यात विजेतेपद सेल्टिककडे आले. पुढे मार्टिन ओ’नील यांच्या हाताखाली २००१ मध्ये तिन्ही देशांतर्गत चषक मिळाले. २००३ मध्ये सेव्हिलला झालेल्या युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात तो सेल्टिकचा कर्णधार होता. जोझे मोरिन्यो यांच्या पोर्तोने तो सामना जादा वेळेत ३-२ असा जिंकला.

प्रशिक्षण शिकायला लॅम्बर्ट पुन्हा जर्मनीतच गेला. सुरुवात मात्र वाईट झाली. २००५ मध्ये स्वीकारलेले लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश क्लबाचे प्रशिक्षकपद त्याने काही महिन्यांतच सोडले आणि तो संघ त्याच मोसमात खालच्या श्रेणीत घसरला. नंतर इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतील वायकम वाँडरर्स या छोट्या क्लबाला त्याने २००७ मध्ये लीग चषकाच्या उपांत्य फेरीत नेले. समोर चेल्सी आणि पुन्हा तेच मोरिन्यो. घरच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून वायकम परतीच्या लढतीत हरले.

मग तो कोल्चेस्टर या इंग्लिश क्लबाचा प्रशिक्षक झाला. ८ ऑगस्ट २००९ रोजी, तिसऱ्या श्रेणीच्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी, त्याच्या कोल्चेस्टरने नॉरिच सिटीला त्यांच्याच कॅरो रोड मैदानावर ७-१ असे धुवून काढले. नॉरिच जवळपास पन्नास वर्षांनी प्रथमच या श्रेणीत आले होते. आठवड्याभरात त्यांनी आपला प्रशिक्षक काढला आणि ज्याने सात गोल चढवले होते त्यालाच बोलावून घेतले. त्या मोसमात नॉरिच ९५ गुणांसह विजेते ठरले, जाता जाता कोल्चेस्टरला त्यांच्या मैदानावर ५-० ने हरवून. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत दुसरे स्थान मिळवून संघ थेट इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि तिथे पहिल्याच मोसमात बारावा आला.

ज्याने खेळाडू म्हणून जागा धरून ठेवली, त्याचा संघ बचावाचाच खेळ खेळेल असे कुणालाही वाटले असते. नॉरिच तसे खेळले नाही. मधली फळी चौकोनी हिऱ्यासारखी रचून तिच्या टोकाला वेस हूलहनसारखा नाजूक पायांचा खेळाडू ठेवायचा, पुढे ग्रँट होल्टसारखा दांडगा आघाडीपटू, आणि सामना हातून निसटत असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत आणखी हल्लेखोर उतरवायचे, ही त्याची रीत होती. खालच्या श्रेणींतून वर आलेल्या होल्टने प्रीमियर लीगमधील त्या मोसमात १५ गोल केले. माझ्या मते ही रीत म्युनिकशी विसंगत नाही. हिऱ्याच्या तळाशी एक माणूस जागा सांभाळून असेल, तर बाकीच्यांना पुढे जाताना भीती उरत नाही, हे लॅम्बर्टने स्वतः तळाशी उभे राहून अनुभवले होते.

त्यानंतरची वर्षे खडतर गेली. तो ॲस्टन व्हिला क्लबाकडे गेला; तिथे खर्च कमी करून तरुण संघ उभारायचा होता. आघाडीपटू क्रिस्टियान बेंटेके हे त्यातले मोठे यश; पण चेल्सीकडून ८-० असा पराभव आणि चौथ्या श्रेणीतील ब्रॅडफर्डकडून लीग चषकात झालेली नामुष्की, दोन्ही त्याच काळातली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला हटवले तेव्हा व्हिलाचे लीगच्या २५ सामन्यांत केवळ १२ गोल झाले होते. नॉरिचमध्ये वेळ आणि चढती लाट दोन्ही त्याच्या बाजूने होत्या. नंतरच्या बहुतेक क्लबांनी त्याला बुडत्या नावेत बसवले. तरीही साऱ्याचा दोष परिस्थितीवर टाकणे मला पटत नाही, कारण व्हिलाचा खेळ शेवटी शेवटी कमालीचा भित्रा झाला होता आणि खेळाची आखणी त्याच्याच हातात होती.

ब्लॅकबर्न, वुल्व्ज, स्टोक असे टप्पे घेत २०१८ च्या अखेरीस तो इप्सविच टाउनमध्ये आला, म्हणजे नॉरिचच्या हाडवैऱ्याकडे. १० फेब्रुवारी २०१९ रोजी तो प्रतिस्पर्धी म्हणून कॅरो रोडवर उतरला. समोरच्या बाकावर नॉरिचचे प्रशिक्षक डॅनियल फार्क होते, जे डॉर्टमुंडच्या दुसऱ्या संघाला घडवून इंग्लंडमध्ये आले होते. पूर्वार्ध संपताना मैदानाच्या कडेला बाचाबाची झाली आणि पंचांनी लॅम्बर्टला लाल कार्ड दाखवले. ज्या प्रेक्षकांनी कधी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांच्याच देखत तो बाहेर गेला. नॉरिचने सामना ३-० असा जिंकला, मे महिन्यात ते आपल्या श्रेणीचे विजेते झाले, आणि इप्सविच साठहून अधिक वर्षांनी प्रथमच तिसऱ्या श्रेणीत उतरले.