वारा आला तर खाली, पाणी आलं तर वर

(दृश्य: नव्या घरांच्या रांगा. मधोमध कोरडा ओढा.)

टेक्सासमधली विल्यमसन काउंटी. ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉक, सीडर पार्क, लिएंडर, जॉर्जटाउन. 2010 साली इथे सव्वाचार लाखांच्या आत माणसं होती, 2020 मध्ये सहा लाखांवर गेली. त्यात आयटीतली मराठी कुटुंबंही आली. घर घेताना शाळा कशी, ऑफिस किती लांब, हे सगळेच विचारतात. मागचा ओढा कुठवर चढतो, हे क्वचितच कुणी विचारतं.

मुंबईकराला 26 जुलै 2005 समजावून सांगावा लागत नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर. याच काउंटीतल्या थ्रॉल गावात सप्टेंबर 1921 मध्ये 24 तासांत 38 इंचांहून जास्त पाऊस कोसळला. सुमारे 970 मिलिमीटर! काउंटीच्या पश्चिम भागात चुनखडीवर मातीचा पातळ थर, त्यामुळे पाणी मुरत नाही, थेट ओढ्याकडे धावतं. आता त्यात छपरांची आणि रस्त्यांची भर.

(दृश्य: याच काउंटीतलं जॅरेल गाव. मोकळं माळरान.)

टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेला, गरगर फिरणारा वाऱ्याचा खांब. त्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. चक्रीवादळ म्हटलं की कोकण किनारा आणि दोन दिवस आधीचा इशारा आठवतो. वावटळ म्हणावं, तर ती फारच किरकोळ. इथे हाताशी मिनिटं असतात. 27 मे 1997 ला जॅरेलमध्ये 27 माणसं गेली. घरांच्या जागी नुसते काँक्रीटचे चौथरे उरले. मार्च 2022 मध्ये राउंड रॉकलाही टोर्नेडोचा तडाखा बसला.

फोनवर ‘वॉच’ आला, तर हवा टोर्नेडोला पोषक आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो रडारवर दिसलाय किंवा कुणीतरी पाहिलाय. अंगणात जाऊन व्हिडिओ काढायची ही वेळ नव्हे. इथे घरांना सहसा तळघर नसतं. म्हणून तळमजल्यावरची, घराच्या पोटातली, बिनखिडकीची खोली गाठायची. बाथरूम किंवा जिन्याखालची अडगळ चालेल. पायात बूट हवेत, नंतर काचांवरून चालावं लागतं. डोक्यावर हेल्मेट, मुलाचं क्रिकेटचं असलं तरी. आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ती खोली आजच दाखवून ठेवा. दुपारी घरी तेच असतात.

पंचाईत अशी, की एकाच वादळात दोन्ही इशारे येऊ शकतात. वारा खाली ढकलतो, पाणी वर. अशा वेळी टोर्नेडो अगदी जवळ असेल तर आधी त्याच्यापासून आडोसा. घरात पाणी शिरायला लागलं, की वरचा मजला.

(दृश्य: रात्र. ओढ्यावरचा फरशी पूल, बाजूला फुटांच्या खुणा असलेला खांब.)

गावाकडचा फरशी पूल आठवतो? तसेच इथेही आहेत. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ओढून नेतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या. रात्री त्याखालचा रस्ता उरलाय की वाहून गेलाय, ते हेडलाइटमध्ये कळत नाही. गाडी वळवा.

एक रुक्ष गोष्ट राहिली: विमा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेला नसतो. सरकारी योजनेतला पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो. हवामानाचा अंदाज मात्र आठवड्याभराचाच असतो.