शून्यांचं पीक

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तदाबावर रेडिओवर बोलायचं म्हटलं की मीठ कमी करा, चाला, गोळी चुकवू नका, हे तुम्हाला आता पाठ आहे. आज पेशंटना सुट्टी. रक्तदाबावर संशोधन करणारी पोरं तयार कशी होतात, त्यांना घडवतं कोण, ते सांगतो.

मी शिकत होतो तेव्हा एका पाहणीसाठी खेड्यात लोकांचं बीपी मोजत फिरलो. रजिस्टर भरलं आणि ऐटीत गाइडसमोर ठेवलं. त्यांनी रकान्यावरून बोट खाली नेलं. १३०, १२०, १४०, १५०, १४०. म्हणाले, "शून्यांचं पीक बरं आलंय यंदा!" मला काही कळेना. त्यांनी हातात पेन्सिल दिली आणि मोजायला बसवलं. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या रेघा असतात. म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६ नाहीतर ८. नीट वाचलं तर पाचात एखादंच शून्य यावं. माझी निम्म्याहून जास्त शून्यं. ठोका ऐकला होता १३६ला आणि लिहिले होते १४०. उच्च रक्तदाबाची रेघ आपल्याकडे १४०वरच! चार मिलिमीटरच्या आळसापायी मी धडधाकट माणसं आजारी ठरवली होती.

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी जोड स्टेथोस्कोप घेऊन आले. चकती एक, नळ्या दोघांच्या कानांत. पारा सेकंदाला दोन मिलिमीटर उतरेल अशा बेताने हवा सोडायची. पहिला ठोका म्हणजे वरचं माप, ठोके विरले की खालचं. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने १९०५ साली वर्णन केलेले हेच ते ठोके. दोघांनी आपापल्या कागदावर आकडा लिहायचा, एकमेकांना न दाखवता. पहिल्या दिवशी आमचे कागद जुळेनात. चौथ्या दिवशी जुळायला लागले. माझं खरं शिक्षण ते, पदवी नंतर मिळाली.

आता पारा मागे पडलाय, डिजिटल यंत्रं आली. शून्यांची खोड मोडली. पण दंडाला लहान पडणारा पट्टा बीपी वाढवून दाखवतो, आणि ते काही यंत्र सांगत नाही. बाई चढ चढून आत्ताच आलीय, नुकताच चहा झालाय, पाय लोंबकळताहेत, तोंड चालू आहे, हे माणसानेच बघायचं असतं. ते बघायची सवय शेजारी बसूनच लागते.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना हटकून देतो. सर्पगंधा ही औषधी मुळी आपल्याकडे जुनीच. वकिलांनी ती पन्नास रुग्णांना देऊन रक्तदाब मोजला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं, १९५७ साली त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. मुळीची महती सांगणारे पुष्कळ होते. वकिलांनी आकडे मांडले.

सगळेच गाइड माझ्या गाइडसारखे नसतात, हेही बोललं पाहिजे. एका हुशार मुलीला तिच्या गाइडने दोन वर्षं नुसती डेटा एंट्री करायला लावली. निबंध छापून आला तेव्हा तिचं नाव शेवटी आभारात. म्हणून गाइड निवडताना त्याच्या पुरस्कारांची यादी वाचू नका, जुन्या विद्यार्थ्यांना गाठून चहा पाजा. हल्ली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हायपरटेन्शनसारख्या संस्था तरुण संशोधकांना अनुभवी माणसांशी जोडून देतात. ते चांगलंच आहे. पण स्क्रीनवरचा गाइड पट्टा कुठे बांधलाय ते बघू शकत नाही. त्यासाठी गावातली नर्स किंवा आशाताई बरी. सातारा, भंडारा भागात रक्तदाब नियंत्रणाच्या कामात मुरलेल्या अशा बाया आहेत. पोरांनी त्यांच्याकडे आधी आठवडाभर बसावं.

मागच्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, आजी पाच मिनिटं गप्प बसायला तयारच नाहीत." म्हटलं, "तू बसतेस का?" थोडा वेळ काही बोलली नाही. मग ती आजीशेजारी ओट्यावर भिंतीला टेकून बसली. दोघीही गप्प. पहिलं माप आलं १३८. दोन मिनिटांनी दुसरं घेतलं, १३४. तिने दोन्ही लिहिली.

नमस्कार.